नवऱ्याचा रकाना

पाच हजार रुपयांसाठी माणसानं किती गोड बोलावं, याला काही मर्यादा?

मी सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. रजा म्हणजे नुसती रजा, पगार नाही. मातृत्व लाभाचा कायदा दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लागू होतो आणि आमच्या इंदूरच्या कोचिंगमध्ये पाणी भरणारा पोरगा धरूनही सातच डोकी. 26 आठवड्यांच्या भरपगारी रजेबद्दल मी पेपरात वाचते. म्हणून अंगणवाडीच्या दीदी म्हणाल्या, केंद्राच्या मातृवंदना योजनेचा फॉर्म भर. पहिल्या बाळाला पाच हजार, तेही दोन हप्त्यांत.

ऑनलाइनवाल्या पोरानं फॉर्म उघडला आणि विचारलं, "पति का आधार?"

"नाहीये. म्हणजे नवराच नाहीये."

"तो क्या डालूँ? डॉट डाल दूँ?"

आठ महिने पोटात आणि आता कडेवर पोर वागवून माझ्या संसाराची किंमत एक टिंब! मी शांतपणे सांगितलं, 2022 च्या नव्या नियमांत नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही, एकट्या आयांसाठीच ते काढलंय. तो म्हणाला, "मैडम, नियम दिल्ली में होगा. इधर लाल स्टार है." वर समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेशच्या कुटुंबनोंदणीत, मी अजून सासरच्याच कुटुंबात. कोर्टानं सोडवलं, पोर्टल सोडत नाही.

मी मराठीत पुटपुटले. तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, "मराठी का तुम्ही? माहेरचं आडनाव काय?"

सत्तरी ओलांडलेले आजोबा, मांडीवर शेवेची पुडी. हयातीच्या दाखल्यासाठी आले होते, पण यंत्र त्यांचा अंगठा घेत नव्हतं. आडनाव सांगितल्यावर त्यांनी माझा एक मामा रामबागेत आणि एक आत्या नारायणबागेत शोधून काढली. दोघंही माझे नव्हते, पण ते ऐकायला तयार नव्हते. अंगठा आधी धोतराला पुसला, मग केसांतून फिरवला (तेलानं रेषा उठतात म्हणे), मग यंत्रावर असा दाबला की टेबल हललं. यंत्रानं टूं केलं. पुन्हा नाही.

"बघा," ते मला म्हणाले, "मी समोर बसून शेव खातोय, तरी हा म्हणतो मी नाही. आणि तुमचा तो नाही, तर म्हणतो आहेच!" मग स्क्रीनकडे वाकून, "अरे भिया, रकानाच भरायचाय ना? माझं नाव घाल. मी रिकामाच आहे."

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले, कारण रडले असते तर बाळ उठलं असतं. ते तसंही उठलंच, आणि माझ्या खांद्यावर, आधारच्या झेरॉक्सवर, आजोबांच्या पुडीच्या काठावर यथासांग दूध ओकलं. आजोबांनी वरची शेव बाजूला केली आणि खालची खायला लागले. इंदूरचा माणूस शेव टाकत नाही.

हसू ओसरल्यावर डोकं मात्र तापलं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात बाळंतिणीला सहा हजारांहून कमी नको असं लिहिलंय. 2017 साली योजना आली ती पाच हजारांची. उरलेले म्हणे सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या दुसऱ्या योजनेतून धरून सरासरी सहा होतात. सरासरीनं दूधवाल्याचं बिल भागवून दाखवावं कुणीतरी! आणि ज्या बाईकडे नवऱ्याचा पगार नाही, तिच्याकडेच नवऱ्याचे कागद मागायचे. बापाला कधी कुणी म्हणतं का, बायकोचं आधार आण, मग तू बाप?

पोरानं शेवटी कुठलासा दुसरा पर्याय दाबला, रकाना गायब झाला. इतका वेळ तो पर्याय तिथंच होता. झेरॉक्स ओली म्हणून नवी काढली, तिचे पैसे वेगळे घेतले. आजोबांचा अंगठा अजून लागलेला नव्हता. "तुमची आत्या भेटली की सांगा," ते म्हणाले, "तिच्याकडे माझा डबा राहिलाय."