निम्मा टीव्ही बंद आहे

“जावईबापू, निम्मा टीव्ही बंद हाय ह्यो.”

पिक्चर सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. दिवे घालवलेले, पडदे ओढलेले, बटाटेवड्यांची ताटली रिकामी झालेली आणि ‘कागज़ के फूल’ची नावं चाललेली. अशा वेळी तोंड उघडणं म्हणजे आमच्या मंडळात आरती चालू असताना शिंकण्यासारखं. पण नाना माझे सासरे. त्यातून कोल्हापूरचे, त्यातून साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त. हिशेब जुळला नाही की त्यांना बसवत नाही. ते उठले, देव्हाऱ्याखालच्या खणातून मोजायची टेप काढली आणि म्हातारा झालेला गुरुदत्त पडद्यावर स्टुडिओत शिरत असताना टीव्हीसमोर उभे राहून मापं घेऊ लागले.

“वर सव्वातीन इंच, खाली सव्वातीन. साडेसहा इंच नुसतं काळं. ह्याचं पैसं दिलायसा न्हवं तुम्ही?”

दिले होते. बारा हप्त्यांत. 55 इंची टीव्ही दिवाळीत आला आणि तेव्हापासून ‘एकदा तुझ्याकडे बसू’ असं म्हणणाऱ्यांना मी महिनाभर टोलवत होतो. कारण आमचं मंडळ मला माहीत आहे. हे लोक सिनेमा बघायला म्हणून जमतात आणि सिनेमा सोडून सगळं बघतात.

पहिला मीझाँसेन. खरं नाव वेगळं. पण उन्हाळ्यात होणारा महिनाभराचा फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स त्याने पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर जाऊन केला आणि त्यानंतर तो परतलाच नाही. घरी येतो-जातो, नोकरी करतो, पण परतला नाही. चौकटीत काय कुठे ठेवलंय याला फ्रेंचांनी जो शब्द ठेवलाय तो त्याच्या तोंडून दर तीन मिनिटांनी पडतो. नानांशी ओळख करून दिली तेव्हा ते म्हणाले, “सेन? बंगाली का? मृणाल सेनांच्यातले?”

दुसरा पॉइंट सात. हा लग्नाचे फोटो काढतो. दिग्दर्शक कुब्रिकने 1975 सालच्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले आणि त्यासाठी झाईस कंपनीने नासाकरता बनवलेली, जेमतेम उजेडातही चित्र टिपणारी एफ 0.7 ची लेन्स वापरली, हे त्याने मला किमान दीडशे वेळा सांगितलंय. लाइट गेले की सांगतो. देवापुढे निरांजन दिसलं की सांगतो. एकदा स्मशानात सांगायला लागला, तेव्हा मी हात दाबला.

तिसरे ऑपरेटर काका, आमच्या खालच्या मजल्यावरचे. शहरातल्या एका एकपडदा थिएटरात त्यांनी उभी हयात प्रोजेक्टर चालवला. त्यांनी सगळे सिनेमे पाहिलेत, पण भिंतीतल्या चौकोनी भोकातून आणि मशीनच्या खडखडाटात.

कोणता सिनेमा लावायचा यावर चाळीस मिनिटं गेली. त्याचा तपशील देत नाही. ‘कागज़ के फूल’ ठरला, कारण त्यावर प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं. भारतातला पहिला सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा, 1959, व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा, बाहेरचं ऊन आरशांवरून स्टुडिओत फिरवून पाडलेला तो झोत, आणि पडला म्हणून त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावलं नाही ते. एवढं सगळं सिनेमा लावण्याआधीच बोलून झालं.

मग सेटिंग. रिमोट हातात आल्यावर पॉइंट सातने पहिल्यांदा ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ मोड लावला. चित्र एकदम कोमट दिसायला लागलं. चहा घेऊन आलेली ही दारातच थबकली. “पिवळं का दिसतंय? कावीळ झाल्यासारखं?” कृष्णधवल चित्रपटाला कावीळ होऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं.

“वहिनी, हाच खरा पांढरा,” पॉइंट सात म्हणाला. ही काही बोलली नाही. ‘खरा पांढरा’ म्हणणाऱ्या माणसाच्या शर्टाची कॉलर तिने फक्त बघून घेतली.

त्यानंतर मीझाँसेनला मेन्यूच्या पाचव्या पायरीवर ते सापडलं, ज्याच्यासाठी तो खरं म्हणजे आला होता. चित्र गुळगुळीत करणारी सोय. चालू होती.

“हे चालू ठेवून तू महिनाभर सिनेमे बघतोयस?”

त्याचा आवाज घरात बाटली सापडल्यासारखा होता. मग त्याने समजावलं. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे. सेकंदाला 16 चित्रं पडली की 20, ते फिरवणाऱ्याच्या मनगटावर. बोलपट आले तशी पंचाईत झाली. वेग हलला की आवाजाची पट्टी हलणार, नायिका बोलता बोलता नायक व्हायची. म्हणून सेकंदाला 24 फ्रेम ठरल्या आणि त्या ठरल्या त्या ठरल्याच. आता हा टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो. त्याच्याकडे येतात 24. उरलेल्या 36 तो अलीकडचं-पलीकडचं बघून मनाने रचतो. “म्हणजे मूर्तींनी काढल्या 24 आणि तुझ्या या खोक्याने 36! बहुमत कुणाचं?” हे बंद करा असं सांगायला खुद्द टॉम क्रूझने 2018 च्या डिसेंबरात व्हिडिओ काढला होता, म्हणाला. विमानांना लोंबकळणारा माणूस याला घाबरतो म्हणजे प्रकरण गंभीर असणार.

त्याने ते बंद केलं. “बघ! दिसला फरक?”

“बाप रे,” मी म्हणालो.

मला काडीचा फरक दिसला नव्हता. त्याने पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मी दर वेळी योग्य जागी मान हलवली. कोणती जागा योग्य ते त्याच्या भुवयांवरून कळत होतं. ही गोष्ट मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही.

राहिला टीव्हीखालचा तांबडा दिवा. काळोखात तो मूर्तींच्या सावल्यांवर अन्याय करतो असं पॉइंट सातचं मत पडलं. चिकटपट्टी शोधली, सापडली नाही. शेवटी हिने बेसिनच्या आरशावर चिकटवून ठेवलेली मरून टिकली मी काढून आणली आणि दिव्यावर लावली. बरोबर बसली. टीव्ही एकदम सवाष्ण दिसायला लागला.

आणि मग सिनेमा सुरू झाला, आणि मग नाना.

मीझाँसेनने पॉझ केलं आणि अतिशय सहनशीलपणे सांगितलं की नाना, हा पडदाच रुंद आहे. उंचीच्या 2.35 पट रुंदी. आपला टीव्ही त्या मानाने ठेंगणा-ठुसका. रुंदी पुरी दाखवायची तर वरखाली जागा सुटणारच. शिवाय निम्मा नाही, जेमतेम पाव भाग काळा आहे.

“म्हंजे दर हप्त्यातला पाव हप्ता पाण्यात.” नानांनी टेप आत सोडली. ती खटकन आत गेली. “आन् रंग?”

“हा कृष्णधवल आहे.”

“दुकानदार तर अब्जावर रंग हाईत म्हनला हुता. दोनच वापरतायसा.”

रिमोटवर झूमचं बटण नानांना आधीपासून माहीत होतं. कुणी अडवायच्या आत त्यांनी ते दाबलं. पट्ट्या गेल्या, पडदा भरला, आणि दोन्ही टोकांना उभी असलेली माणसं अर्धी-अर्धी भिंतीत गेली. मीझाँसेनच्या घशातून जो आवाज आला तो मी पूर्वी फक्त दाताच्या दवाखान्यात ऐकला होता. नाना मात्र खूश. “आता कसं! आवो, कॅमेऱ्याचं आम्हाला नका सांगू. आमच्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात सोता कॅमेरा बनवला. विकत न्हाई आनला.”

यावर कुणालाच काही बोलता येईना, कारण ते खरं होतं.

इतका वेळ काका गप्प होते. हातातला शेवटचा वडा संपवून, बोटं पुसून ते म्हणाले, “नाना, पाव भाग काळा म्हणून काय रडताय? थिएटरात निम्मा वेळ अख्खा पडदा काळा असायचा.”

नाना वळले.

“फिल्म सलग सरकत नाही,” काका म्हणाले. त्यांनी डाव्या हाताचा पंजा उभा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्यासमोर फिरवली. “एक चित्र येतं, थांबतं, मग दुसरं ओढायचं. ओढताना उजेड चालू राहिला तर सगळं फरफटलेलं दिसेल. म्हणून पुढे पातं फिरतं, ते उजेड अडवतं. एकदाच अडवलं तर डोळ्यांना फडफड जाणवते, म्हणून पाती दोन. सेकंदाला 48 वेळा काळोख. तुमच्या डोळ्यांना पत्ता लागत नाही, एवढंच. तीन तासांच्या पिक्चरला दीडेक तास तुम्ही अंधारात बसलेले असता.”

खोलीत शांतता पसरली. मीझाँसेनला हे कोर्समध्ये शिकवलं असणार, पण त्याचा चेहरा वेगळंच सांगत होता. नाना बोटांवर काहीतरी मोजत होते. बाल्कनीची तिकिटं, वर्षं, जोडीनं पाहिलेले सिनेमे.

“म्हंजे लगीन झाल्यावर हिला घिऊन पहिला पिच्चर बघितला, त्यो बी निम्माच?”

“निम्मा कुठला?” सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. “इंटर्वलपास्नं घोरत हुता तुम्ही.” आणि आमच्याकडे वळून, “साडेआठ वाजलं. सरका जरा.”

रिमोट त्यांच्या हातात गेला. मालिका लागली. व्हिव्हिड, गुळगुळीत, हिरवीगार साडी, तिन्ही सुना एकापाठोपाठ एक दचकल्या. वर पट्टी नाही, खाली पट्टी नाही. नाना टेप घेऊन पुन्हा टीव्हीशी गेले, वरपासून खालपर्यंत मोजलं आणि समाधानाने माझ्याकडे बघितलं.

“सत्तावीस इंच भरलं बघा. आता लागला सगळा टीव्ही.”