बकासुराचा जबडा

आज संध्याकाळी पुतण्याला घेऊन कॉलेज रोडला एक भयपट पाहून आलो आणि आल्या आल्या चहासुद्धा न घेता हे लिहायला बसलो आहे. पडद्यावर संगणकाने घडवलेली हडळ भिंतीवरून सरपटत होती, तिचा जबडा पोटापर्यंत फाटत होता, आणि हा दहा वर्षांचा मुलगा निवांत पॉपकॉर्न खात होता. बाहेर पडताना म्हणाला, "काका, ती तिथे नव्हतीच."

मी त्याच्या वयाचा असताना पंचवटीतल्या आमच्या मंडळाने गणपतीत बकासुराचा हलता देखावा केला होता. सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या मामांनी त्याचा जबडा ट्रकच्या वायपरच्या मोटरीवर बसवला होता आणि डोळे सायकलच्या ब्रेकच्या वायरीने फिरत असत. त्या जबड्यावर कागदाचा लगदा मीच थापला होता, आत काय आहे हे मला पुरते ठाऊक होते. तरीही पडदा सरकला की मी मामांचा सदरा घट्ट धरत असे.

१९७५ च्या 'जॉज' या चित्रपटातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडे, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो फारसा दाखवताच आला नाही, आणि न दिसणाऱ्या त्या जनावरानेच लोकांना समुद्राची धास्ती भरवली. १९७९ च्या 'एलियन'मध्ये माणसाची छाती फोडून येणारे परग्रहावरच्या प्राण्याचे पिल्लू म्हणजे टेबलाखालून ढकललेली बाहुली होती. नळ्यांतून रक्त किती उडणार, हे इतर नटांना नीटसे सांगितलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटले ते अभिनयाच्या पलीकडचे होते. संगणकाचे भूत नंतर चिकटवायचे म्हणून रिकाम्या हिरव्या पडद्यासमोर उभ्या केलेल्या नटाने नेमके कशाला घाबरायचे?

सर्वांत संताप येतो तो २०११ च्या 'द थिंग'चा. कारागिरांनी महिनोन्‌महिने खपून प्राणी घडवले आणि नंतर बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर संगणकाची चित्रे चढवली गेली! मामांच्या बकासुरावर कोणी असे फ्लेक्स चिकटवले असते, तर मंडळात हाणामारी झाली असती.

नटाला लटकवणाऱ्या तारा संगणकाने चित्रातून पुसता येतात आणि नटाच्या जिवाचा धोका टळतो, हे मान्य. पण १९१९ साली आमच्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी 'कालिया मर्दन'मध्ये स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण केले आणि हाताने घडवलेल्या नागाशी झुंजवले. तिच्या मुठीत काहीतरी होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाचव्या दिवशी आमची मोटर जळाली आणि जबडा अर्धवट उघडा राहिला. त्या रात्री गर्दी नेहमीपेक्षा गप्प होती. तो आता मिटणार की आणखी उघडणार, हे कोणालाच कळेना. पुढे विसर्जनापर्यंत मामा पुतळ्यामागे बसून हाताने दोरी ओढत होते, आणि दम लागला की जबडा थरथरत असे. ती थरथर कोणत्याही मोटरीला जमली नसती. (मामींना मात्र त्यांच्या खांद्याला रोज तेल चोळावे लागले.)

तो जबडा अजून मामांच्या माळ्यावर आहे. दोन दात उंदरांनी नेले आहेत. मघाशी त्यांना फोन केला, तर आधी हसले आणि मग विचारले, "दोरी शाबूत असेल का रे?" रविवारी पुतण्याला घेऊन जातो आहे. त्याला समोर उभे करीन आणि मागे मी बसेन.