कंसात माहेरचं नाव

आमच्या दहावी 'ब'मध्ये चार सुनीता होत्या. त्यातली मी तिसरी. बाईंनी नुसतं 'सुनीता' म्हटलं की चौघी उभ्या राहायचो आणि बाईसुद्धा मग कंटाळून चौघींनाच खडू आणायला पाठवायच्या. एक खडू, चार सुनीता.

1990 साली दहावी झालो आणि पांगलो. पांगलो म्हणजे फार लांब नव्हे. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, उथळसर इथून उठलो आणि बरेचसे घोडबंदर रोडला जाऊन पडलो. जुन्या ठाणेकरांच्या लेखी हा देशत्यागच. मी कासारवडवलीला फ्लॅट घेतला तेव्हा आईने डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, "मग आता ठाण्याला कधी येशील?"

यातली निम्मी मंडळी मला गोखले रोडवर अधूनमधून दिसायची. दिसली की दोन्ही पक्ष घाईघाईने जवळच्या काचेतल्या साड्या बघायला लागायचे. समोरचा टक्कल पडलेला गृहस्थ असला तरी साड्याच बघायचा. मग 2015 मध्ये 'दहावी ब – 1990' नावाचा व्हॉट्सॅप ग्रुप निघाला आणि ज्यांना चुकवायला आम्ही फुटपाथ बदलत होतो, त्यांनाच रोज सकाळी सहाला गुलाबाचं फूल पाठवू लागलो.

अ‍ॅडमिन अर्थातच मॉनिटर. शाळेत तो बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा, आता न बोलणाऱ्यांची ग्रुपवर लिहितो. 2019 मध्ये त्याने जाहीर केलं की पुढच्या वर्षी आपल्याला तीस वर्षं होतात, स्नेहसंमेलन झालंच पाहिजे, आणि कामं वाटली. माझ्या वाट्याला आलं, 'मुली शोधणे'. मुली म्हणजे पंचेचाळिशीच्या बायका. त्यातल्या एकीला जावई आलेला होता.

मला वाटलं, त्यात काय एवढं. पण मुलगा हरवला तर निदान स्वतःच्या नावाने हरवतो. मुलीचं लग्न झालं की आडनाव जातं, मधलं बापाचं नाव जाऊन तिथे नवरा येऊन बसतो, आणि आमच्या वेळेपर्यंत तर तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही नवीन लिहायची पद्धत होती. इतक्या सफाईने फरारी माणूसही नाव बदलत नसेल. माझंच घ्या. सुनीताची मी मृण्मयी झाले. सासरच्यांना नाव फार आवडलं, फक्त लिहिता कोणालाच आलं नाही. रेशनकार्डावर मी 'मृणमयी' आहे, गॅसच्या पुस्तकावर 'म्रुन्मयी' आणि एका लग्नपत्रिकेवर तर चक्क 'मृन्मय'.

फेसबुकवर शोधून उपयोग नव्हता. माहेरच्या पत्त्यांवर जाऊन पाहिलं तर वाड्या पाडून तिथे टॉवर झालेले. वॉचमनला विचारलं, "इथे देशपांडे राहायचे, त्यांची मुलगी?" त्याने मला रजिस्टर पुढे केलं आणि कोणत्या फ्लॅटला जायचंय ते लिहायला सांगितलं.

शेवटी माग लागला पोळी-भाजी केंद्रात. नौपाड्यातल्या एका गल्लीत काकूंचं केंद्र आहे, तीस-पस्तीस वर्षांचं. कोण कुठे दिली, कोणाचं मोडलं, कोण परत आली, सगळी खानेसुमारी त्यांच्या तोंडावर. पण काकू फुकट बोलत नाहीत. मोघम माहितीला सहा पोळ्या. नव्या नावासकट पूर्ण माहितीला डझन, वर पावकिलो मटकीची उसळ. फोन नंबर हवा असेल तर पुरणपोळ्या. महिनाभर माझ्या घरी स्वयंपाक झाला नाही. ताटात पुरणपोळी दिसली की नवरा विचारायचा, "सापडली वाटतं कोणी?"

अशीच एकदा दुसरी सुनीता सापडली. ही माझी जिवाभावाची. एक बाक, एक कंपासपेटी, एकच कर्कटक. काकूंनी लाटणं थांबवून सांगितलं, "अगं, ती तुझ्याकडेच की! कासारवडवलीला." आणि कॉम्प्लेक्सचं नाव सांगितलं. ते आमचंच. विंग सांगितली. तीही आमचीच. मजला सांगितल्यावर मी खुर्चीवर बसले.

आमच्या वर दोन मजल्यांवर एक वैदेही नावाची बाई राहायची. तिच्या गॅलरीतून पाणी ठिबकायचं ते थेट माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. सोसायटीच्या तक्रारवहीत मृण्मयी विरुद्ध वैदेही असा तीन वर्षांचा पत्रव्यवहार होता. माझ्या शेवटच्या तक्रारीत 'संस्कार' हा शब्द दोनदा आला होता. तिने खाली उत्तर लिहिलं होतं, 'आधी शुद्धलेखन शिका'. ते अक्षर ओळखीचं वाटलं होतं मला, पण म्हटलं, भांडखोर बायकांची अक्षरं सारखीच असतात.

त्या संध्याकाळी पुरणपोळ्या घेऊन मी वर गेले. दार उघडून तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि म्हणाली, "प्लंबर उद्या येणारे म्हटलं ना?" पुढचं सांगत नाही. दोघी रात्री अकरापर्यंत रडत-हसत होतो. पाणी अजून ठिबकतं. आता तक्रार करता येत नाही.

मुलांना फोन करायची पाळी आली तेव्हा वेगळीच अडचण. आमच्या शाळेत मुलांशी बोलणं हा गुन्हा नव्हता, पण त्याचा पुरावा राहायचा: दुपारपर्यंत दोघांची नावं मध्ये बेरजेचं चिन्ह घालून भिंतीवर. त्यामुळे ज्यांना आता फोन करायचे त्यांच्याशी मी आयुष्यात एक वाक्य बोललेले नव्हते. पुनर्भेट म्हणायची तर आधी एकदा भेट झालेली लागते. "हॅलो, मी दहावी ब, दाराकडची रांग, तिसरा बाक." पलीकडे मोठी शांतता. मग, "हां हां, बोला ना... बोल ना... म्हणजे, आपण कशा आहात?" हा माणूस आता चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि इन्कम टॅक्सच्या साहेबांना अरे-तुरे करतो म्हणे.

असं करत मंडळी जमली. मग दहा महिने वाद घालून, लग्नं, बारशी, मुलांच्या बारावीच्या परीक्षा सगळं चुकवून सर्वांना चालेल असा एकच रविवार काढला. 22 मार्च 2020.

बरोबर. तोच तो जनता कर्फ्यूचा रविवार. संध्याकाळी पाचला आम्ही ज्या वेळी ग्रुप फोटो काढणार होतो, त्या वेळी आपापल्या गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवत होतो. मी खाली, सुनीता वर. तिने वाजवलेल्या थाळीतलंसुद्धा थोडं पाणी माझ्यावर पडलं.

त्यानंतर ग्रुपवर पाच वर्षं गुलाब, काढ्याच्या कृती आणि तीन श्रद्धांजल्या. 2025 उजाडल्यावर मॉनिटरला पुन्हा जाग आली. पस्तीस वर्षं! या वेळी त्याने मुलांचीही नव्याने शोधमोहीम काढली, कारण काही जण अजून बेपत्ता होते. तिथे एक भलताच घोळ झाला.

आमच्या वर्गातली मुलं एकमेकांना बापाच्या नावाने हाक मारायची. हजेरीत पूर्ण नाव घेत, त्यातून बापाचं नाव कळलं की झालंच. "ए दत्तात्रय, बॉल टाक." "शांताराम आज आला नाही." पस्तीस वर्षांनी कोणाला कोणाचं स्वतःचं नाव आठवेना. त्यातला एक होता मधुकर. मागच्या बाकावरच्यांनी फेसबुकवर मधुकर शोधला, आडनाव जुळलं, फोटोत नाकही तेच होतं. थोडा वयस्कर वाटला, पण आम्हीही कुठे कोवळे होतो? 'ओळखलंस का रे?' असं विचारल्यावर उत्तर आलं, 'चेहरा ओळखीचा वाटतो.' घेतला ग्रुपमध्ये.

मधुकर ग्रुपचा आदर्श सभासद निघाला. वाढदिवसाला सगळ्यांना शुभेच्छा, वादात कधी पडायचा नाही, बाराशे रुपये वर्गणी सांगितल्यावर दुसऱ्या मिनिटाला भरणारा तो एकटाच. (बाकीचे विचारत होते, 'फक्त चहाला येणाऱ्यांना किती?') पुढे कधीतरी परीक्षेच्या आठवणी निघाल्या आणि मधुकरने लिहिलं, 'अकरावी मॅट्रिकला मला 54 टक्के होते.'

अकरावी मॅट्रिक? महाराष्ट्रात दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली 1975 मध्ये, त्याआधी अकरावी. 1990 मध्ये कोण अकरावी मॅट्रिक होतं? मी गुपचूप फोन केला. पलीकडून खणखणीत आवाज: "बोला ताई!"

ते मधुकरच होते. आमच्या मधुकरचे वडील. वय 84.

"मला वाटलं, शाळेच्या सगळ्याच विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे," काका म्हणाले. "मीही त्याच शाळेचा. 1958." आता यावर काय बोलणार? काढून टाकावं तर माणूस माजी विद्यार्थी, शिवाय वर्गणी भरलेला. त्यांचा मुलगा पुण्याला असतो आणि ग्रुपमध्ये आहे, पण तो पहिल्या दिवसापासून म्यूट करून बसला होता. काका आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला सांगू नका हं. या वयात पडाल-बिडाल म्हणून येऊ द्यायचा नाही." मी कोणालाच सांगितलं नाही. शाळेतही मी चुगलखोर नव्हते.

तारखेसाठी मॉनिटरने पोल टाकला. व्हॉट्सॅप बारा पर्याय देतं, त्याने बाराही रविवार टाकले. एकापेक्षा जास्त उत्तरं चालतात म्हटल्यावर निम्म्यांनी बाराही रविवारांवर टिक केलं आणि खाली लिहिलं, 'नक्की सांगता येत नाही'. उरलेल्यांची काटछाट सुरू झाली. श्रावणात नको, मटण नाही. गणपतीत वेळ नाही. पितृपक्षात शुभकार्य नको. नवरात्रात उपास. दिवाळीत माणसं गावाला. तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्नं. बदलापूरच्या एकाने लिहिलं, 'मेगाब्लॉकचा रविवार नको.' म्हणजे रविवारच नको.

मग स्थळ. येऊरचा बंगला झाला, उपवन झालं. वाशीला राहणाऱ्याने वाशी सुचवलं: मध्यवर्ती आहे, ठाण्याहून लोकलने अर्धा तास, रस्ते रुंद. नवी मुंबईत राहायला गेलेला माणूस कशाचीही चर्चा निघाली तरी रस्त्याच्या रुंदीवर येतो. त्यावर चेंदणीच्या एकाला इतिहास आठवला. '16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, वाशीला नाही. तेव्हा तुमच्याकडे खाडी होती.' वाशीकराने उत्तर दिलं, 'आताही आहे.' दोघांनीही ग्रुप सोडला. मॉनिटरने दोघांना परत घेतलं. त्यांनी परत सोडला. मधुकरने दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं तेव्हा कुठे शांत झाले.

अखेर शाळेचाच हॉल ठरला. त्यासाठी लेखी अर्ज हवा होता. 'विषय: सभागृह मिळण्याबाबत'. पन्नाशीतली तीस माणसं दोन दिवस एका अर्जावर पत्रलेखनाच्या पाच गुणांसाठी झटावीत तशी झटली. 'आपला आज्ञाधारक' लिहायचं की 'आपला विश्वासू', यावर पोल. मुख्याध्यापिका आमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान निघाल्या, तरी त्यांच्या केबिनबाहेर मॉनिटर शर्ट खोचून उभा राहिला. मीही साडीचा पदर दोन्ही खांद्यांवर घेतला, का ते मला विचारू नका.

टी-शर्टांबद्दल थोडक्यात सांगते. सगळ्यांनी मनातली मापं कळवली, दुकानदाराने ती शिवून दिली.

गेल्या डिसेंबरातला तो रविवार. वेळ सकाळी दहा. मी आणि सुनीता रिक्षेत बसलो आणि कापूरबावडीला अडकलो. ग्रुपवर 'निघालोय', 'पोचतोच', 'पाच मिनिटं' असे निरोप येत होते आणि त्यातला एक जण आमच्याच शेजारच्या रिक्षेत बसून तो टाइप करत होता. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. जवळपास साड्यांचं दुकान नव्हतं, त्यामुळे बोलावं लागलं.

आम्ही पावणेअकराला पोचलो. हॉलमध्ये एकच माणूस. पहिल्या बाकावर ताठ बसलेला, इस्त्रीचा टी-शर्ट, छातीवर 'दहावी ब – 1990'. माप मीडियम, आणि बरोबर बसलेलं. दाराजवळच्या टेबलावर आम्ही नावाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, बायकांसाठी कंसात माहेरचं नाव लिहायला जागा सोडून. काकांनी पट्टी नीट भरून खिशाला लावली होती. कंसात लिहिलं होतं, '1958'.

हळूहळू हॉल भरला. साडेअकराला पुण्याचा मधुकर दारात आला. मधुकर नव्हे, त्याचा मुलगा. मला अजूनही त्याचं नाव पट्टीवर वाचावं लागतं. केस गेलेले, चष्मा डोक्यावर. मागच्या बाकांवर क्षणभर ओळख पटेना. मग पटली आणि पस्तीस वर्षांची दबलेली आरोळी उठली, "मधुकर आला रे, मधुकर!"

पहिल्या बाकावरून काका सावकाश मागे वळले आणि म्हणाले, "अरे, मी दहालाच आलोय."