मोलोगा एका रात्रीत बुडालं नाही

मोलोगा नावाच्या रशियन गावाची गोष्ट तुमच्याकडेही येऊन गेली असेल. वर फोटो: अथांग पाणी आणि त्यातून उभा असलेला चर्चचा पांढरा मनोरा. खाली मजकूर: धरणासाठी स्टालिननं एका रात्रीत अख्खं गाव बुडवलं, २९४ माणसांनी घर सोडायला नकार दिला, स्वतःला साखळ्या-कुलपांनी जखडून घेतलं आणि पाण्यात जीव दिला, नंतर त्या गावाचं नाव नकाशातून आणि दप्तरातून पुसून टाकलं. काही ठिकाणी पुढे हेही जोडलेलं असतं की ते व्होल्गाकाठचं कोळ्यांचं एक लहानसं खेडं होतं.

वाचून कोणाच्याही पोटात कालवेल. माझ्याही कालवलं होतं. पण मोलोगाबद्दल जसजसं वाचत गेलो तसतशी मला या गोष्टीची चीड येऊ लागली, कारण त्या माणसांनी जे खरोखर सोसलं ते यात कुठेच नाही.

फोटोचं आधी उरकून टाकतो. तो मनोरा मोलोगाचा नाही, कल्याझिनचा आहे. कल्याझिन हे त्वेर प्रांतातलं गाव. तिथल्या सेंट निकोलस कथीड्रलचं हे घंटाघर १८०० साली पुरं झालं, उंची सुमारे ७४ मीटर. उग्लिच इथल्या वेगळ्याच धरणाचं पाणी आलं तेव्हा कथीड्रल उतरवलं, मनोरा तेवढा राहिला. आज त्याच्याभोवती मातीचं छोटं बेट आहे आणि बोटी तिथे लागतात. मोलोगाच्या जागी पाण्याबाहेर असं काहीही उभं नाही.

आता ‘कोळ्यांचं खेडं’. मोलोगा नदी जिथे व्होल्गेला मिळत होती तिथे, रिबिन्स्क शहरापासून बत्तीसेक किलोमीटरवर हे गाव होतं. त्या भागाचा उल्लेख ११४९ पासून बखरींमध्ये सापडतो. १७७७ मध्ये कॅथरिन दुसरीच्या प्रशासकीय फेररचनेत त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि ते उयेज्दचं मुख्यालय झालं. उयेज्द म्हणजे साधारण आपला तालुका, पण अधिकारानं जरा मोठा. पुढच्याच वर्षी शहराला राजचिन्ह मिळालं: वर यारोस्लाव्ल प्रांताचं अस्वल, खाली निळ्या पार्श्वभूमीवर मातीच्या तटाचा तुकडा. मुख्यालय म्हटलं की खजिना आला, कोर्ट आलं, पोलीसप्रमुख आला, निवडून आलेला नगरप्रमुख आणि नगरसभा आली. १८६० च्या दशकातल्या सुधारणांनंतर झेम्स्त्वो, म्हणजे शाळा, दवाखाने आणि रस्ते पाहणारं स्थानिक मंडळही आलं. व्होल्गेवरून पीटर्सबर्गकडे जाणारा तिख्विनचा जलमार्ग मोलोगा नदीतूनच वर जायचा, म्हणून इथे धान्य आणि माल भरायला नावा थांबायच्या. गावाचं पोट त्यावर चालायचं.

याच गावात २८ मे १८६४ ला आग लागली. बारा तासांत दोनशेहून अधिक घरं, बाजारपेठ, सरकारी इमारती जळून खाक झाल्या. सावरायला वीसेक वर्षं लागली. त्या आगीनंतर गावानं आग हेरण्यासाठी टेहळणी मनोऱ्यासह अग्निशमन ठाणं बांधलं. त्याचा आराखडा केला यारोस्लाव्ल प्रांताचे वास्तुविशारद आंद्रेई दोस्तोयेव्हस्की यांनी, कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कींचे हे धाकटे भाऊ. जळून पुन्हा उभं राहिलेल्या गावाला खेडं म्हणून उडवून लावणं मला पटत नाही.

‘एका रात्रीत’ हा शब्द तर सगळ्यात जास्त खुपतो. मोलोगा बुडवणाऱ्या रिबिन्स्कच्या धरणाचा निर्णय झाला सप्टेंबर १९३५ मध्ये. मूळ आराखड्यात पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ९८ मीटर होती. मोलोगा साधारण ९८ ते १०१ मीटरवर वसलेलं, म्हणजे गाव बव्हंशी वाचत होतं. पुढे विजेचं उत्पादन वाढावं म्हणून पातळी १०२ मीटर करायचं ठरलं. चार मीटर. बुडीत क्षेत्र जवळपास दुप्पट झालं आणि मोलोगाचं भवितव्य त्या चार मीटरांत ठरलं. गावाचा खरा घात शोधायचा तर तो इथे शोधा, कार्यालयातल्या एका आकड्यात.

१९३६ च्या शरद ऋतूत लोकांना सांगितलं: गाव सोडायचंय. वर हुकूम असा की निम्म्याहून जास्त माणसं वर्षअखेरीपर्यंत हलली पाहिजेत, घरांसकट. नदी गोठायला दोन महिनेही उरले नव्हते. लाकडी घरं सोडवून नदीतून न्यायची तर ओली लाकडं उन्हाळ्यापर्यंत वाळली नसती, हिवाळ्यात राहणार कुठे? तो हुकूम अमलात आलाच नाही. स्थलांतर १९३७ च्या वसंतात सुरू झालं आणि चार वर्षं चाललं.

ते कसं चाललं हे मला कुठल्याही साखळदंडापेक्षा जास्त हलवून जातं. घराच्या प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालायचा. भिंती उतरवायच्या. त्याच ओंडक्यांचे तराफे बांधायचे आणि तराफ्यावर सामान चढवून व्होल्गेतून खाली निघायचं. रिबिन्स्कच्या कडेला, स्लिप नावाच्या भागात, क्रमांक जुळवत तेच घर पुन्हा उभं करायचं. ज्यांचं घर जुनाट, हलवण्याजोगं नाही असं ठरलं, त्यांच्या हाती थोडकी रक्कम पडली. गावात नऊशेच्या आसपास घरं आणि पाच-सहा हजार वस्ती होती. पूर्ण बुडीत क्षेत्रातून सुमारे १ लाख ३० हजार माणसं उठवली, सातशेच्या घरात खेडी गेली.

मागे उरलेल्या दगडी इमारती आणि देवळं सुरुंगानं उडवली. जलाशय उथळ, सरासरी खोली साडेपाच मीटरच्या आसपास. भिंती उभ्या ठेवल्या असत्या तर बोटी आदळल्या असत्या. त्यामुळे पाण्याखाली अखंड उभी घरं, वाजणाऱ्या घंटा, हे सगळं कल्पनेतलं. तळाशी पाये आहेत आणि ढिगारे आहेत.

आता २९४. हा आकडा येतो एका कथित अहवालातून. सुरक्षा खात्याच्या एका लेफ्टनंटनं वरिष्ठाला लिहिलेला, असं सांगतात. त्यात म्हटलंय की स्वेच्छेनं मरण पत्करणारे २९४ होते, सगळेच आधीपासून मानसिक आजारी होते, काहींनी स्वतःला कुलपं लावून घेतली. फिरणाऱ्या मजकुरात या कागदाचा अभिलेखागारातला क्रमांक नसतो, मृतांची नावं नसतात, त्यांची गावं नसतात. नातेवाइकांनी आपल्या आजी-आजोबांबद्दल असं काही सांगितल्याचंही त्यात नसतं. विचार करा: २९४ म्हणजे गावातला साधारण विसावा माणूस. शेजारी शेजारी स्लिपमध्ये जाऊन राहिले, मुलं एकत्र वाढली, पुढे मोलोगाकर दरवर्षी एकमेकांना भेटू लागले. प्रत्येक गल्लीतलं कोणी ना कोणी असं मेलं असतं तर ती नावं आज तोंडपाठ असती.

तारखाही जुळत नाहीत. मोलोगा जिल्हा १९४० च्या अखेरीला कागदोपत्री बरखास्त झाला. धरणाची दारं लावून पाणी अडवायला सुरुवात झाली १३ एप्रिल १९४१ ला. तोवर घरं उचलली गेली होती. जखडून घ्यायला भिंतच नव्हती. आणि पाणी काही लोंढ्यानं आलं नाही, ते दिवसेंदिवस चढत गेलं. जलाशय ठरलेल्या पातळीला पोचायला १९४७ उजाडलं.

कुणी म्हणेल, आकडा खोटा ठरवलात म्हणजे तुम्ही स्टालिनची बाजू घेता. मुळीच नाही. धरण कोणी बांधलं ते बघा: व्होल्गोलाग, म्हणजे त्यासाठीच उभारलेली कैद्यांची छावणी. तिथली माणसं गारठून, उपासमारीनं, आजारानं मेली; युद्धातल्या पहिल्या हिवाळ्यात आणि त्यानंतर सर्वात जास्त. त्यांच्या मरणाच्या नोंदी आहेत, खटल्यांचे कागद आहेत. शोधायचे तर हे मृत्यू शोधावेत. ज्यांचा पुरावा आहे ते बाजूला राहतात आणि ज्याचा पुरावा नाही ती कथा हजारो वेळा पुढे जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

‘नाव पुसलं’ यात थोडं तथ्य आहे. सोव्हिएत काळात या विस्थापनाबद्दल उघड बोलणं अवघड होतं आणि नकाशावर तिथे निळा रंग आला. पण दप्तर नष्ट झालं नाही. मोलोगाचे कागद यारोस्लाव्ल प्रांताच्या अभिलेखागारात आहेत. माणसंही गप्प बसली नाहीत. १९७० च्या दशकापासून ती ऑगस्टमध्ये जमू लागली, आणि १९९५ मध्ये रिबिन्स्कमध्ये मोलोगा परिसराचं संग्रहालय उघडलं.

२०१४ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं उतरलं की गावाची जागा उघडी पडली. फरसबंदीचे रस्ते, घरांचे पाये, लोखंडाचे गंजलेले तुकडे, कबरींच्या खुणा. तिथे चालत गेलेल्यांना रस्ता कुठून कुठे जात होता ते सांगता येत होतं, कारण दगड अजून ओळीत होते.