ओटा फोडायच्या आधी

सकाळपासून चौथ्यांदा तोच व्हिडिओ आलाय. ग्रॅनाइटच्या ओट्यावर मीटर टेकवलेला, आकडा तासाला 0.30 मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप; हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). गुणिले वर्षाचे 8760 तास, झाले 2.6 मिलिसिव्हर्ट. "मर्यादा 1 ची, म्हणजे अडीचपट! ओटा फोडा!"

अहो, गुणाकार तेवढा बरोबर आहे.

सामान्य नागरिकांसाठीची ती 1 मिलिसिव्हर्टची वार्षिक मर्यादा नैसर्गिक रेडिएशन आणि वैद्यकीय तपासण्या सोडून आहे. निसर्गाकडूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. आधी मीटर ओट्यापासून लांब धरायचा. तिथे 0.18 दिसला, तर ओट्याचा वाटा उरला 0.12. रोज दोन तास ओट्याशी, म्हणजे वर्षाला 730 तास: 0.09 मिलिसिव्हर्ट. तेसुद्धा पोट दगडाला चिकटवून! ओट्यावर वर्षभर झोपतं कोण?

आणि मोजलं किती वेळ, तर दहा सेकंद. मीटरमध्ये मिनिटाला रेडिएशनच्या 20 नोंदी होत असतील तर एका मिनिटाच्या मोजणीत साधारण 22 टक्के चूक निव्वळ योगायोगाने येते. दहा मिनिटं थांबा, ती 7 टक्क्यांवर येते. मीटरमधल्या गायगर नळीची (रेडिएशन टिपणाऱ्या भागाची) खिडकी पातळ असेल तर बीटा कणही (दगडातून निघणारे, फार आत न शिरणारे इलेक्ट्रॉन) मोजले जातात आणि आकडा उगाच फुगतो. मध्ये काही मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा धरून पाहा.

आयसीआरपी, म्हणजे रेडिएशनपासून संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग; त्याच्या 1977 च्या शिफारशींत सामान्य नागरिकांसाठी मर्यादा वर्षाला 5 मिलिसिव्हर्ट होती, 1990 च्या शिफारशींत 1 झाली. ही रेषा रेडिएशनचे स्रोत वापरणाऱ्यांना वेसण घालायला आहे. 0.9 म्हणजे अमृत आणि 1.1 म्हणजे विष, असं नसतं हो. या क्षेत्रातल्या कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 चालतात.

100 मिलिसिव्हर्टच्या खाली धोका शून्यच, असं सिद्ध झालेलं नाही. मान्य. म्हणून तर मर्यादा इतकी खाली ठेवलीय.

असो, चिडून उपयोग नाही. घरात लहान मूल असलं की असा व्हिडिओ बघून पोटात गोळा येणारच. पण काळजी करायचीच तर रेडॉनची करा. जमिनीतून घरात शिरणारा हा वायू फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखाल मोठं कारण आहे, आणि व्हिडिओतला मीटर तो मोजतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी आहे घनमीटरला 100 बेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो, तो किमान तीन महिने ठेवायचा, सर्वांत खालच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत. ओट्यावर नको, तिथे वाफ आणि एक्झॉस्ट पंखा आकडा बिघडवतात.