‘फिट टू पेपर’ म्हणे! ३ मीटरचे २.९१ कसे होतात ते बघा

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या ‘कोणी न सांगितलेल्या टिपा’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. परवा तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाचीकडून आला, खाली प्रश्न: ‘‘मामा, मग सर लेआउट कशाला शिकवतात?’’ फॉरवर्डचे म्हणणे थोडक्यात असे. लेआउट, म्हणजे नकाशा छपाईच्या कागदावर मांडायचा वेगळा टॅब, ही पेन-प्लॉटरच्या (पेनाने कागदावर नकाशा काढणाऱ्या यंत्राच्या) जमान्यातली भानगड आहे. नकाशा जिथे खऱ्या मापात काढतो त्या मॉडेलमध्येच छापायच्या भागाभोवती विंडो घ्या आणि ‘फिट टू पेपर’वर टिक करा. मापे आकड्यांत लिहिलेली असतात, म्हणून स्केलचे काही अडत नाही. पीडीएफ एकदा झाली की कुठल्याही कागदावर छापा. डिटेल मोठा हवा तर कॉपी करून स्केल करा. आणि प्लॉट स्टाइल, म्हणजे छपाईतले रंग ठरवणारी सेटिंग, डोळे मिटून मोनोक्रोम (सगळे काळे).

इतिहास खरा आहे. पेपर स्पेस, म्हणजे लेआउटमधली कागदाची जागा, १९९० च्या रिलीज ११ मध्ये आली, तेव्हा पेन-प्लॉटर होतेच. आजचे लेआउट टॅब ऑटोकॅड २००० पासूनचे. पण जुने म्हणून टाकाऊ, हा कुठला न्याय? मग फूटपट्टीही टाकून द्या.

आता ‘फिट टू पेपर’. हा पर्याय नकाशा कागदावर मावेल तेवढा आवळतो, बस्स. स्केल येईल ते येईल: आज १:१३७, उद्या कंपाउंड वॉल थोडी पुढे ओढली की १:१४२. टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरच्या नाव-स्केलच्या चौकटीत) मात्र हाताने टाइप केलेले ‘१:१००’ तसेच. ३ मीटरचा सेटबॅक (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) १:१०० वर ३० मिमी भरतो, १:१३७ वर २१.९ मिमी. तपासणाऱ्याने १:१०० ची पट्टी लावली की त्याला २.१९ मीटर दिसणार.

एवढी ढोबळ चूक निदान लगेच दिसते. खरा घात पीडीएफवाल्या टिपेत आहे. समजा तुम्ही सगळे नीट केले, ए३ वर अचूक १:१०० ची पीडीएफ काढली. प्रिंटच्या दुकानात ती उघडली आणि छपाईच्या खिडकीत ‘फिट’ निवडलेले राहिले. प्रिंटरचा समास सांभाळायला पान ९७ टक्क्यांवर आले, तर डोळ्यांना काहीच जाणवत नाही. पण ३० मिमीचे २९.१ मिमी झाले, म्हणजे सेटबॅक २.९१ मीटर. जमिनीवर सगळे बरोबर असून कागदावर ९ सेंटिमीटरचा गुन्हा! म्हणून छापताना ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के सांगायचे आणि शीटच्या कोपऱ्यात ५ मीटरची स्केलपट्टी काढून ठेवायची. १:१०० वर ती ५० मिमी भरलीच पाहिजे. ४८.५ भरली तर पैसे देण्याआधी कागद परत करा.

ए१ चा ए३ केला तर नकाशा बरोबर निम्मा होतो, १:१०० चे १:२००. तेवढे निदान धरून चालता येते, टायटल ब्लॉकमध्ये तसे लिहिले असेल तर. ए१ चा ए२ केला की १:१४१. ती पट्टी कुठे मिळते ते फॉरवर्डवाल्यांनीच सांगावे.

‘मापे लिहिलेली असतात’ हे अर्धे खरे. लिहिलेले माप मोजलेल्या मापापेक्षा वरचढ, हे साइटवरचा मेस्त्रीही जाणतो. पण प्रत्येक विहीर, झाड, हद्दीची प्रत्येक मोड मापासकट लिहिलेली नसते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा दुसरा भाग काढून बघा: साइट प्लॅन १ हेक्टरपर्यंत किमान १:५००, त्यापुढे किमान १:१००० स्केलचा मागितला आहे. ‘कागदावर मावेल तसा’ हे स्केल त्यात नाही.

मग लोक लेआउटला घाबरतात का? बहुतेक वेळा एकाच कारणाने: युनिट. सर्व्हेची फाइल मीटरमध्ये असते, कागद मिलिमीटरमध्ये. व्ह्यूपोर्टच्या (लेआउटमध्ये नकाशा दाखवणाऱ्या खिडकीच्या) यादीतला तयार १:१०० दाबला की २५ मीटरचा प्लॉट पाव मिलिमीटरचा ठिपका होतो आणि पोरे म्हणतात लेआउट बिघडला. मीटरच्या फाइलला १:१०० साठी झूम कमांडनंतर १०एक्सपी (म्हणजे फाइलचे एक युनिट कागदावर १० मिमी) टाकायचे, १:५०० ला २एक्सपी, १:१००० ला १एक्सपी. फाइल मिलिमीटरमध्ये असेल तर १/१००एक्सपी. संपले.

बाकी क्रम सरळ आहे. पेज सेटअपमध्ये ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’, कागद आयएसओ फुल ब्लीड ए३ (साधा ए३ घेतला तर तुटक रेषेबाहेरची चौकट कापली जाते), काय छापायचे तर ‘लेआउट’, स्केल १:१. मग एमव्ही कमांडने व्ह्यूपोर्ट काढा, आत डबल-क्लिक करून एक्सपी टाका, बाहेर या, चौकट निवडून ‘डिस्प्ले लॉक्ड’ला होय करा. हे लॉक विसरलात तर माउसचे चाक एकदा फिरले की स्केल गेले. तुटक रेषा सलग दिसल्या तर एलटीस्केल १, पीएसएलटीस्केल १ (तुटक रेषांचे माप ठरवणाऱ्या सेटिंग) आणि मग चित्र ताजे करणारी रीजेनऑल कमांड.

डिटेल कॉपी करून मोठा करण्याबद्दल. १:१०० च्या शीटवर १:२० चा सेप्टिक टँक दाखवायला कॉपी पाचपट केली की १५० चे माप ७५० दिसते. मग डिमएलफॅक (दाखवायच्या मापाला गुणणारा आकडा) ०.२ करून ते लपवायचे. पुढे मूळ टाकी बदलते, कॉपी तशीच राहते आणि साइटवर नेमकी तीच जाते. लेआउटमध्ये १:२० चा दुसरा व्ह्यूपोर्ट काढायला अर्धा मिनिट लागतो आणि ड्रॉइंग एकच राहते.

मोनोक्रोम कामाच्या ड्रॉइंगला ठीक. मंजुरीच्या नकाशाला नाही: त्याच संहितेच्या रंगतक्त्यात प्रस्तावित काम लाल आणि पाडायचे काम पिवळे आहे. मोनोक्रोमने दोन्ही काळे. वर एखादी रेषा ट्रू कलरमध्ये (क्रमांकाच्या रंगयादीबाहेरच्या रंगात) असेल तर ती मोनोक्रोमलाही न जुमानता रंगीतच उमटते, म्हणजे ना धड हे ना धड ते.

एकच प्लॅन, एकच स्केल, एकच कागद असेल तर मॉडेलमधून छापायला माझी हरकत नाही. फक्त ‘फिट टू पेपर’ची टिक काढा आणि स्केल स्वतः टाका: फाइल मिलिमीटरमध्ये असेल तर १ मिमी = १०० युनिट, मीटरमध्ये असेल तर १० मिमी = १ युनिट.