गावाचं सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात कसं न्यावं

निधी आलाय ना? मग कामांच्या यादीतून सांडपाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा आधी खोडा. तो जमिनीखाली जातो, त्यावर नावाचा फलक बसत नाही आणि त्याचा नारळ फोडायला आमदार येत नाहीत. गटार घ्या.

उतार मोजायला लेव्हल वगैरे लागत नाही. ठेकेदाराचा माणूस एक डोळा मिटून बघतो आणि "बसतंय" म्हणतो.

गटार सदस्याच्या घरापासून सुरू करा. कुठं संपवायचं ते ठरवू नका, निधी संपेल तिथं ते आपोआप संपतं. आमच्या आळीतलं गेल्या महिन्यात माझ्या फाटकासमोर संपलं. सकाळी नळ सुटला की अख्ख्या आळीच्या मोऱ्या माझ्या अंगणात. विचारायला गेलो, तर "राहिलेलं पुढच्या आराखड्यात घेऊ." तोवर विटा टाकून घरात शिरा, असं कुणी म्हणालं नाही, ते मला आपलं आपण सुचलं.

हिशेब करू नका. जल जीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटर पाणी, 2000 वस्तीचं गाव, म्हणजे रोज 1 लाख 10 हजार लिटर आत आलं. त्यातलं बहुतेक मोरीतून बाहेर येणार. नळ आला म्हणून पेढे वाटा, आणि बाहेर आलेलं पाणी कुठं जाणार असं विचारणाऱ्याला विघ्नसंतोषी म्हणा.

पैसे नाहीत असं म्हणत राहा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद आहे, हे ग्रामसभेत बोलू नका.

डास झाले की धूर मारा. अळ्यांना त्यानं काही होत नाही, त्यामुळे पुन्हा धूर मारता येतो.

आता तुम्ही, घरमालक. शौचालयाला दोन शोषखड्डे करा म्हणतात. एक भरला की दुसरा चालू करायचा, बंद केलेल्यातल्या मैल्याचं खत होतं. छे, हे गरिबांचं काम! तुम्ही दहा बाय दहाची टाकी बांधा आणि पाहुण्यांना सांगा, "नातवंडांपर्यंत भरायची नाही." भरेल कशी? तिचा पाईप रात्रीत गटाराला जोडलाय. टाकीत गाळ खाली बसतो, वरचं पाणी जंतूंसकट बाहेर पडतं, आणि ते जमिनीत जिरवायचं असतं. तुम्ही ते सोडलंत गटारात, गटार गेलं ओढ्याला आणि ओढ्याच्या काठाला आपली पाणीपुरवठ्याची विहीर. वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी, आणि खाली पाईपातून हागणदारीच वाहतेय! पोरांना जुलाब लागले की टीसीएल, म्हणजे पाण्यातली जंतुनाशक पावडर, कमी टाकली म्हणून पाणी सोडणाऱ्या शिपायावर खेकसायचं. त्या बिचाऱ्यानं पोतं ओतलं तरी काय होणार आहे?

आणि वर माझ्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावता? अहो, ते पाणी तुमचं आहे!

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घराघरात शोषखड्डे केले आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. झालं. मजुरी रोजगार हमीतूनही निघते. परसात चार फूट जागा नाही म्हणता, आणि दोन गाड्यांना शेड आहे. काळ्या चिकणमातीत पाणी जिरत नाही, कबूल. मग तिथं गावाबाहेर स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी साठवून निवळू देणारं तळं, करावं लागतं. त्याच्यासाठी गायरानाचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा उठून कोण गेलं? सरपंच नाही, ग्रामसेवक नाही. तुम्ही गेलात, कारण त्या गायरानात तुमचा कडबा रचलाय. कडबा हलवा. टाकीचा पाईप गटारातून काढा, आणि पुढच्या ग्रामसभेला शेवटपर्यंत बसा.